ड्यूटीवर घालायचे चामडी मोजे: वापरून सांगते

मी नर्स आहे. दिवसपाळी असली की जोहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहराची) या दोन्ही नमाजा हमखास ड्यूटीत येतात, थंडीच्या दिवसांत मगरिबसुद्धा (सूर्यास्तानंतरची). खरं सांगायचं तर नमाजेला वेळ लागत नाही, वेळ लागतो वुजूला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याला. त्यातही हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), एवढं सगळं बेसिनपाशी उभ्याउभ्या होऊन जातं. अडतं ते पायांपाशी. बूट काढा, मोजे काढा, एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय बेसिनमध्ये टेकवा, सलवार भिजू नये म्हणून ती गुडघ्याशी धरून ठेवा. तोवर मागे दोघीजणी हात धुवायला ताटकळलेल्या. खाली फरशीवर थारोळं, ते पुसल्याशिवाय जाववत नाही, कारण हॉस्पिटलात ओल्या फरशीवर कोण कधी घसरेल याचा नेम नाही. मग तेच अर्धवट पुसलेले पाय मोज्यांत कोंबायचे आणि उरलेली पाळी त्या दमटपणात काढायची. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून चिरते, हे नर्सला कुणी सांगायला नको.

या सगळ्यावर मला जो उपाय लागू पडला तो म्हणजे चामडी मोजे, म्हणजेच खुफ. बऱ्याच काळापासून मी ते रोज वापरते आहे, त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही हक्काने करू शकते. माझ्याकडच्या चांगल्या जोडीवर कुठल्याच कंपनीचा छाप नाही, म्हणून अमुक ब्रँड घ्या असं सांगता येणार नाही. जोडी हातात आल्यावर काय बघायचं, ते मात्र नीट सांगते.

आधी थोडं मसहबद्दल, कारण ते कळल्याशिवाय जोडीची पारख होत नाही. मी हनफी पद्धतीने, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (नियमांच्या परंपरांपैकी) एकीने, नमाज पढते, म्हणून तपशील त्याप्रमाणे देते. पाय धुऊन पूर्ण वुजू झालेला असताना हे मोजे चढवायचे. पुढे वुजू मोडला (लघवी, झोप अशा कारणांनी) आणि नवा करायची वेळ आली की मोजे काढायचे नाहीत. बाकीचा वुजू नेहमीसारखा करायचा आणि पाय धुण्याऐवजी ओला हात मोज्यांवरून फिरवायचा. पैगंबरांचे साथी हजरत मुगीरा बिन शोबा यांची हदीस (पैगंबरांच्या आचरणाची सांगितलेली नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. प्रवासात पैगंबरांना (स.) वुजू करवताना ते त्यांचे मोजे उतरवायला वाकले, तेव्हा पैगंबरांनी ते राहू द्यायला सांगितलं, कारण पाय पाक असताना ते घातले होते. शिया जाफरी फिकहमध्ये (धर्मनियमांच्या शास्त्रात) ही सवलत नाही, तिथे थेट पायांवरच मसह करतात. त्या घरातल्या वाचकांना या मोज्यांचा या कामी उपयोग नाही.

मुदत मुक्कामी माणसाला एक दिवस-एक रात्र, म्हणजे २४ तास, आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री, म्हणजे ७२ तास. ही मोजायची कुठून, यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. मोजे चढवले तिथून नाही, पहिला मसह केला तिथूनही नाही. मोजे घातल्यानंतर पहिल्यांदा वुजू मोडला, तिथून. समजा फजरला (पहाटेच्या नमाजेला) साडेपाचला वुजू करून मोजे घातले आणि नऊ वाजता वुजू मोडला, तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत मसह चालतो. नऊ वाजले आणि वुजू शाबूत असला, तर सगळा वुजू पुन्हा करायचा नाही, मोजे काढून फक्त पाय धुवायचे. मध्येच एक मोजा काढला तरी हाच नियम, आणि तेव्हा दोन्ही पाय धुवायचे. गुस्ल (पूर्ण अंघोळ) फर्ज (बंधनकारक) झालं की मात्र सवलत संपली, मोजे उतरवून अंघोळच करायची.

दिवसपाळीला मी फजरच्या वुजूनंतर घालते आणि इशा (रात्रीची नमाज) झाली की काढते, त्यामुळे मुदतीचा प्रश्नच येत नाही. रात्रपाळीत मात्र हिशोब ठेवावा लागतो, कारण मोजे मगरिबच्या आधी चढलेले असतात आणि घरी येऊन थकल्या अंगाने तसंच आडवं व्हायला होतं. वुजू मोडल्याची वेळ मी मोबाइलवर टिपून ठेवते. तेवढं केलं की डोक्याला ताप राहत नाही.

मसह करायचा तो वरच्या बाजूला. हाताची बोटं ओली करून जरा फाकवायची, पायाच्या बोटांपासून नडगीकडे एकदाच ओढायची. उजवा हात उजव्या पायावर, डावा डाव्यावर. हाताच्या तीन बोटांएवढी जागा ओली होणं फर्ज आहे. तळव्याला हात लावायचा नाही. दीन (धर्म) जर नुसत्या अकलेवर चालला असता तर वरच्यापेक्षा तळव्याचा मसह जास्त रास्त ठरला असता, असं हजरत अलींचं म्हणणं अबू दाऊद या हदीससंग्रहात आहे, आणि त्यापुढेच ते सांगतात की मी पैगंबरांना मोज्यांच्या वरच्या भागावर मसह करताना पाहिलं. मला हे वाक्य फार प्रिय आहे. दिवसभर ग्लोव्हज, सॅनिटायझर, निर्जंतुक कापूस यांत वावरणाऱ्या बाईला सफाई आणि पाकी (धार्मिक शुद्धता) या दोन गोष्टींमधलं अंतर त्यात दिसतं. पाय घरी साफ धुतलेलेच असतात. इथे हुकूम पाळायचा असतो.

आता माल.

पहिली जोडी मी ऑनलाइन घेतली होती. वर्णनात अस्सल चामडं लिहिलेलं, आलं ते रेक्झिन. नमाजेच्या दृष्टीने रेक्झिन मुळातच बाद आहे असं नाही. जाड असेल, पाणी आत शिरू देत नसेल, न बांधता पायावर उभं राहत असेल आणि त्यात तीनेक मैल चालता येत असेल, तर चामडं नसलेल्या मोज्यालाही हनफी फिकहमध्ये जागा आहे. तक्रार टिकाऊपणाची आहे. पायाची बोटं जिथे दुमडतात, तिथे रोजच्या सज्द्यांनी (जमिनीवर कपाळ टेकवण्याने) आडवी भेग पडली आणि ती वाढतच गेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

भेगेचं मोजमाप ठरलेलं आहे, आणि ते पाहून मला नेहमी आपल्या फकीहांच्या (धर्मनियमांच्या पंडितांच्या) बारकाईचं नवल वाटतं. पायाच्या तीन सर्वांत लहान बोटांएवढा पाय चालताना उघडा पडत असेल, तर त्या मोज्यावर मसह होत नाही. त्याहून कमी असेल तर होतो. एकाच मोज्याला चार ठिकाणी बारीक भोकं असतील तर त्यांची बेरीज करायची, पण डाव्याची भोकं उजव्याच्या भोकांत मिळवायची नाहीत. शाफई मजहब याहून कडक आहे, तिथे धुवायच्या भागातला पाय जरासा उघडा पडला तरी चालत नाही. म्हणून शाफई वाचकांनी शिवण आणि झिप यांकडे आणखी बारकाईने बघावं.

दुसरी जोडी खऱ्या चामड्याची घेतली, तीच आज पायात आहे. चामडं पातळ, मऊ, काळं. वरच्या अंगावर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा होऊन ओघळतो, शोषला जात नाही. ही चाचणी तुम्हीही करा, आणि ती बोटांवरच्या शिवणीवर करा, मधल्या सपाट भागावर नको. मोजा उलटा करून आतली शिवण बघा. एकेरी टीप असेल तर अंगठ्यापाशी सहा महिन्यांत उसवणार हे धरून चाला. माझ्या जोडीला दुहेरी टीप आहे आणि शिवणीवर आतून चामड्याची बारीक पट्टी चिकटवलेली आहे. अंगठा आतून रोज त्याच जागी टोचत असतो, त्यामुळे त्या पट्टीनेच जोडी टिकली असं माझं ठाम मत आहे.

उंची घोट्याच्या वर हवी. घोटे झाकले गेले पाहिजेत ही अटच आहे, आणि वुजूत पाय धुवायचे तेही घोट्यांसकट. नुसते घोट्यापर्यंत टेकणारे मोजे बसल्यावर खाली सरकतात. घोट्याच्या वर चार बोटं असले की निर्धास्त. फार उंच घेतले तर नडगी घामेजते आणि सलवारीची मोहरी त्यांत अडकत राहते.

झिपबद्दल जरा लांब लिहिते, कारण जोडी पायात टिकेल की कपाटात जाईल हे झिपच ठरवते. बहुतेक जोड्यांना आतल्या बाजूला, घोट्याजवळून झिप असते. घालायला सोपी, काढायला सोपी. पण आम्ही बायका अत्तहियातला (नमाजेतल्या बैठकीला) बसतो ते दोन्ही पाय उजवीकडे काढून. त्या बैठकीत उजव्या पायाची आतली बाजू खाली येते आणि झिपचं बोंड नेमकं घोट्याच्या हाडावर रुततं. दोन रकातींत (नमाजेच्या आवर्तनांत) एवढं जाणवत नाही. जोहरच्या चार सुन्नत (फर्जखेरीजच्या), चार फर्ज, पुन्हा दोन सुन्नत झाल्या की हाडावर लाल वळ उठतो, आणि लक्ष नमाजेतून निघून घोट्यावर जातं. माझ्या जोडीच्या झिपला आतून चामड्याची जीभ आहे, बाहेरून बोंड लपवायला छोटा खिसा आहे. बोंड खिशात सरकवलं की टोचत नाही. वरून साधी दिसणारी ही सोय मला या जोडीतली सगळ्यांत मोलाची वाटते. जीभ नसेल तर झिपच्या कापडी पट्टीतून पाणीही झिरपू शकतं. नवरा पुरुषांच्या पद्धतीने, डावा पाय अंथरून त्यावर बसतो. त्याला या झिपचा काही त्रास नाही, त्याचं दुखणं टाचेच्या जाड शिवणीचं आहे. तेव्हा घरात एकाला बरी वाटली म्हणून तीच जोडी दुसऱ्यासाठी मागवू नका. प्रत्येकाने आपापल्या बैठकीत बसून बघावं.

सज्द्याचंही तसंच. सज्द्यात पायाची बोटं जमिनीला लागायला हवीत. नवं चामडं पुढून ताठ असतं, बोटं वळायला तयार होत नाहीत, पोटऱ्या भरून येतात. बोटांच्या भागाला आठवडाभर रोज थोडं क्रीम चोळलं आणि मोजे घालून घरात वावरलं की चामडं सैलावतं. पुढून टोकदार शिवलेली जोडी घेऊच नका. गोल, रुंद पुढा हवा.

तळवा गुळगुळीत असेल तर टाइल्सवर पाय सरकतो. जानमाजवर (नमाजेच्या चटईवर) प्रश्न नाही, पण जानमाजपर्यंत चालत जायचं असतं. आमच्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात मी नमाज पढते, तिथली फरशी चकचकीत आहे. तळव्याला खरखरीत चामड्याचा दुसरा थर असलेली जोडी शोधा. तो थर तळव्याची झीजही झेलतो.

माप बुटाच्या मापानुसार सांगितलं जातं आणि तिथेच फसगत होते. आत पातळ सुती मोजा घालायचा असेल, आणि तो घालावाच, घाम तोच टिपतो, तर खुफ एक माप मोठे घ्या. आतल्या सुती मोज्याने मसहला बाधा येत नाही. मग त्यावरून घालायचा बूटही थोडा मोठा लागतो. ड्यूटीचे बूट मला यापायी नवीन घ्यावे लागले, हा खर्च आधीच धरून ठेवा. मसह खुफवर करायचा, बुटावर नाही, म्हणजे बूट दर वुजूला काढायचाच आहे. तेव्हा लेसचे बूट टाळा, सरकवून घालायचे बरे.

उणी बाजू लपवत नाही. उन्हाळ्यात पाय तापतात. बारा तासांच्या पाळीत हे सुखाचं नाही, आणि ज्यांच्या पायाला मुळातच घाम जास्त त्यांना वासाचा त्रास होतो. मधुमेहाच्या रुग्णांना तर मी परिचारिका म्हणून वेगळं सांगेन: संवेदना कमी झालेल्या पायाला आतली शिवण लागली तर कळत नाही. मुदत शिल्लक आहे म्हणून मोजे चोवीस तास पायांत ठेवायची सक्ती नाही. रात्री काढा, पाय उजेडात नीट बघा, मगच झोपा. सवलत पायाच्या भल्यासाठी आहे.

निगा सोपी आहे. साबणाच्या पाण्यात बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की चामडं कडक होतं. अधूनमधून बिनरंगाचं शू क्रीम. रंगाचं लावलं तर मसह करताना बोटांना काळं लागतं, आणि त्या हातांनी मी पेशंटला शिवणार नाही. आमच्या कामात रक्त, लघवी यांचे शिंतोडे उडण्याची भीती असते, पण बाहेर बूट असतो म्हणून मोजे सहसा वाचतात. काही लागलंच तर नजासत (अपवित्र घाण) धुऊन काढल्याशिवाय त्या मोज्यांत नमाज नाही.

प्रवासात तर हे मोजे फारच कामाचे. रेल्वेतल्या किंवा विमानातल्या चिमुकल्या बेसिनमध्ये पाय धुणं कुणालाच जमत नाही. मुक्कामी म्हणून मुदत सुरू झालेली असताना २४ तास संपायच्या आत सफर सुरू झाली, तर मुदत ७२ तासांची होते. उलट ७२ तासांच्या भरवशावर घरी परतलात आणि दिवस-रात्र उलटून गेलेली असली, तर पाय धुवावे लागतात. विमानतळावरच्या तपासणीत कधी कधी हे मोजे उतरवायला सांगतात. हुज्जत घालू नका, उतरवा. वुजू असेल तर पाय तेवढे धुवायचे आणि पुन्हा घालायचे. म्हणून शक्यतो तपासणी झाल्यावरच वुजू करून मोजे चढवावेत.

मग नेहमीच्या सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर मसह का नको, असं माझ्याबरोबरच्या तरुण मुली विचारतात. चारही मजहबांचं पातळ, पाणी शिरणाऱ्या मोज्यांना हो नाही. जाड मोज्यांना हंबली फिकहमध्ये जागा आहे, हनफींमध्ये इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मतानुसार वर सांगितलेल्या अटींवर आहे, आणि आजचे काही आलिम (धर्मपंडित) साध्या मोज्यांनाही परवानगी देतात. मधल्या थरात पाणी अडवणारं अस्तर असलेले कापडी मोजेही बाजारात आहेत. हलके आहेत, बुटात छान मावतात, उन्हाळ्यात चामड्यापेक्षा बरे वाटतात. मी ते घालून बघितले. पण धुण्याने त्यांचं वरचं कापड विरळ होतं, आणि न बांधता उभं राहण्याची अट ते कितपत पाळतात याबद्दल माझ्या मनाचं समाधान झालं नाही. तुम्ही ज्या आलिमांना विचारता त्यांना मोजा हातात देऊन विचारा, फोनवर वर्णन करून नको.

आणखी एक बोलायलाच हवं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हा प्रकार पळवाट वाटतो. माझ्या खालाजान (मावशी) म्हणाल्या, "बेटा, पाय धुवायचाही कंटाळा येतो का आता?" मी त्यांना शांतपणे सांगितलं, "खालाजान, कंटाळा असता तर नमाज घरी येऊन कजा (वेळ टळून गेल्यावर) पढले असते." पाय धुणं अफजल (अधिक श्रेष्ठ) मानणारे आहेत, मला मान्य आहे. पण जुने हनफी विद्वान इमाम तहावींनी अकीद्याच्या (श्रद्धेच्या) आपल्या छोट्या पुस्तिकेत खुफवरच्या मसहचा वेगळा उल्लेख केला आहे, इतकी ही गोष्ट अहले सुन्नतच्या (सुन्नींच्या) ओळखीची आहे. अल्लाहला त्याने स्वतः दिलेल्या सवलती वापरलेल्या आवडतात, अशा अर्थाची हदीसही आहे. ड्यूटीत दहा मिनिटांची सुट्टी मिळते, तेवढ्यात वुजू आणि फर्ज दोन्ही बसतात ते या मोज्यांमुळे. आधी यातली निम्मी मिनिटं बेसिनपाशी जायची आणि असर पुढे ढकलत ढकलत सूर्य पिवळा पडेपर्यंत जायची. ती घालमेल ज्यांनी भोगली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

माझ्याबरोबरची एक सिस्टर, जी मुस्लिम नाही, तिने एकदा विचारलं, "आज पाय नाही धुतलेस, चालतं?" तिला मसह करून दाखवला. तेव्हापासून माझ्या सुट्टीच्या वेळी ती न सांगता माझे दोन बेड सांभाळते.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याकडून मोजा उलटा करून काढलेला फोटो मागा, अंगठ्याची शिवण आणि झिपमागची जीभ दिसेल असा. तो पाठवायला जो टाळाटाळ करील त्याच्याकडून घेऊ नका. परत करण्याची मुदत आहे का ते बघा, आणि जोडी आली की त्याच दिवशी ती घालून जानमाजवर चार रकाती पढा. चालून बघण्यापेक्षा अत्तहियातला बसून बघितलं की दोष लवकर कळतात.